पोकलेनच्या इंजिनाला ट्रकचेच धुराचे नियम लावले, हे म्हणणे कितपत खरे?

कॅलिब्रेशनवाला (पुणे)
काल येथे एका सदस्याने लिहिले की, "ट्रकचे नियम यंत्रांना चिकटवले आणि कंपन्यांनी धुरांड्याला फक्त एक डबा जोडून दिला, म्हणून मशीन बिघडते." चौदा वर्षे इंजिनांचे कॅलिब्रेशन, म्हणजे इंधन आणि धुराचे गणित बसवण्याचे काम, केल्यावर 'फक्त एक डबा' हे शब्द वाचून मला गप्प बसवेना. धावत्या ट्रकच्या रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, पण पोकलेन एका जागी उभे राहून भर उन्हात पूर्ण भाराने खोदते आणि त्याला फक्त पंख्याचा आधार असतो. ईजीआरने, म्हणजे थोडा धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडून, ज्वलनाचे तापमान उतरवले की नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू कमी होतात. मात्र ईजीआर कूलरची सगळी उष्णता रेडिएटरच्याच गळ्यात पडते, वर काजळी वाढते ती वेगळीच. पंखा मोठा केला तर तो खातो ती शक्ती बकेटपर्यंत पोहोचत नाही. शिवाय एससीआरचा, म्हणजे धुरात युरिया फवारून हेच वायू कमी करणारा, डबा बॉनेटखाली असा बसवावा लागतो की ऑपरेटरला मागचा मजूर दिसला पाहिजे. चाचणीही ट्रकची नसते, यंत्रांसाठी एनआरटीसी हे कमी-जास्त होणाऱ्या भाराचे वेगळे चाचणी-चक्र आहे.

पोकलेनमालक (सोलापूर)
आपली चाचणी खोलीत होते, माझे मशीन मात्र कालव्याच्या खोदाईत, फुफाट्यात चालते. गेल्या उन्हाळ्यात ऐन कामात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मग लाल लागला, आणि इंजिनाने जोरच सोडला. डिझेल भरपूर, ऑइल ठीक, तरी बकेट उचलेना. डीलरचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, लॅपटॉप जोडला आणि डीईएफचे, म्हणजे एससीआरसाठी धुरात फवारायच्या युरियाच्या द्रावाचे, नोझल काढून दाखवले, तर त्याच्या टोकावर पांढरे खडे मिठासारखे चिकटलेले होते. तीन दिवसांचे भाडे कोण देणार? जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला माझा मिस्त्री झाडाखाली बसून टायमिंग लावत असे.

बागायतदार (नगर)
लॅपटॉपचा मुद्दा काढलात तर तोच खरा प्रश्न आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनचा एरर कोड मालकाला वाचता येत नाही, हा कुठला न्याय? माझ्या ट्रॅक्टरचा एक सेन्सर बदलायला दुकानातला मिस्त्री तयार होता, पण नवा सेन्सर ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, नोंदवण्याचे सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे. ऐन पेरणीत दोन दिवस ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला.

कॅलिब्रेशनवाला
धूर आणि सॉफ्टवेअरचे कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती धूर चालेल ते नियम सांगतो. मिस्त्रीला दूर ठेवायला तो सांगत नाही.

बागायतदार
आमच्यासाठी त्या वेगळ्या नाहीत, कारण दोन्ही एकाच मशीनबरोबर घरी आल्या. आणि नियमाच्या रेषा पाहा. ट्रेम ४ हा ट्रॅक्टरच्या धुराचा नियम १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाच लागू झाला; मग कंपन्या ५० च्या आतलेच मॉडेल पुढे करणार नाहीत तर काय करतील?

कॅलिब्रेशनवाला
हे नाइलाजाने मान्य करतो. बांधकाम यंत्रांच्या धुराच्या नियमांच्या स्टेज ४ मध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून, ५६ किलोवॅटच्या (सुमारे ७५ अश्वशक्तीच्या) वर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास आहे आणि तिच्यासाठी एससीआर लागते. ५६ च्या खाली मात्र हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) धरून ४.७ ची सवलत आहे. बॅकहो लोडर (ज्याला सगळे जेसीबी म्हणतात) नेमका याच रेषेवर उभा असतो, त्यामुळे कामाची गरज पाहून नव्हे, तर रेषा पाहून अश्वशक्ती ठरते.

बोगद्यातला (ठाणे)
तुम्ही सगळे मशीनचे भाडे मोजता आहात. माझा धाकटा भाऊ बोगद्याच्या कामावर होता. रात्री घरी आला की रुमालावर काळा शेंबूड दिसायचा. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. स्टेज ५ या पुढच्या टप्प्यात धुरातल्या कणांचे वजनच नव्हे, तर त्यांची संख्याही मोजतात, म्हणून काजळी अडवणारा फिल्टर लावणे भागच पडते, आणि ते योग्यच आहे.

पोकलेनमालक
भावाबद्दल वाईट वाटले आणि आपले म्हणणे मी नाकारत नाही. पण तो फिल्टर चोंदल्यावर मशीन अर्धा तास उभे करून काजळी जाळावी लागते. शेजारी वाळलेला कडबा असला तर?

कॅलिब्रेशनवाला
म्हणून ते जाळणे थांबवण्याचे बटण दिलेले असते. पण ते कायमचेच दाबून ठेवले तर फिल्टर चोंदणारच. आता नोझलवरच्या खड्यांविषयी विचारतो. डीईएफ कुठून भरले होते, आणि इंजिन दिवसात किती तास रिकामे फिरत होते?

पोकलेनमालक
ड्रम विनालेबलचा होता, स्वस्त मिळाला म्हणून घेतला. ती चूक माझी, घ्या. रिकामे इंजिन म्हणाल तर तीनेक तास. ऑपरेटर एसीसाठी जेवणाच्या वेळेतही ते चालू ठेवतो. पण असे होते हे डिझाइन करताना आपल्याला माहीत नव्हते का?

कॅलिब्रेशनवाला
माहीत होते. एक्झॉस्ट सुमारे २०० अंशांपर्यंत तापत नाही तोवर युरिया नीट विघटित होत नाही आणि त्याचे खडे होतात. म्हणून इंजिन रिकामे फिरत असताना हवेची झडप अर्धवट मिटून आम्ही धूर गरम ठेवतो. त्यात डिझेल जास्त जळते आणि ते आपल्या बिलात चढते, हे मी लपवणार नाही.