कॉन्ट्रास्टचं नाव विचारून घ्या
"एवढ्याशा लेकराला कॉन्ट्रास्ट नकोच, साधा एमआरआय करा" असं लहान मुलांच्या एमआरआयवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते मत अर्धंच पटतं. कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये काही भाग ठळक दिसावा म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन. मूल उशिरा बोलतंय, वाढ मागे आहे, अशा वेळी बहुधा साधा स्कॅन पुरतो. पण टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज), गाठ किंवा मणक्यात पू अशी शंका असेल तर तो हट्ट धरू नका. माझ्या भाचीच्या मेंदूच्या बुडाकडची आवरणाची सूज मिरजेत कॉन्ट्रास्ट दिल्यावरच स्पष्ट दिसली, साध्या फोटोंत जवळजवळ काहीच नव्हतं.

त्या चर्चेत कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि त्याची सगळी औषधं सारखी नसतात. लिनिअर प्रकारातून (धातूभोवती उघडी साखळी) गॅडोलिनियम शरीरात जास्त मागे राहतं, मॅक्रोसायक्लिकमधून (धातूभोवती बंद कडं) बरंच कमी. म्हणून 2017 मध्ये युरोपच्या नियामकाने मेंदू-मणक्यासाठीची लिनिअर इंजेक्शनं थांबवली. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट ही मॅक्रोसायक्लिक. डोस वजनावर ठरतो. 10 किलोच्या बाळाला गॅडोटेरेट साधारण 2 मिली, म्हणजे अगदी थोडं. सांगली-मिरजेत सेंटर कुठलंही निवडा, अपॉइंटमेंट घेतानाच औषधाचं नाव विचारा आणि बाळाला किडनीचा त्रास असेल तर तो न विचारता आधी सांगा.