भाड्याच्या खोल्या: आधी कर्ज फेडायचं, की वर मजला चढवायचा?

वडगावचा मागवाला

बेळगावच्या वडगावात आमच्या घरामागं पॉवरलूमची शेड होती. 2021 मध्ये बाबांनी चारही माग विकले आणि शेड पाडून तिथं खाली दोन, वर दोन असे चार वन बीएचके बांधले. जागा घरचीच. बांधकामाला 24 लाख लागले, त्यात 18 लाख बँकेचं कर्ज, 15 वर्षांचं. हप्ता सुरुवातीला 16,200 होता, व्याज चढलं तेव्हा साडेअठरा हजारांवर गेला. 2025 मध्ये व्याज उतरलं तरी मी हप्ता तोच ठेवलाय, तेवढीच मुदत कमी होते. भाडं एकाचं 6,500, चौघांचं 26,000.

महिन्याला साडेसात हजार उरतात, ते मी दुसऱ्या खात्यात टाकतो, हात लावत नाही. त्यात थोडं नवं कर्ज घालून वर आणखी दोन पोर्शन काढायचे असं डोक्यात आहे. कॉलमचे गज वर सोडूनच ठेवलेत.

माझं मत: ज्याच्याकडं घरची जागा आहे त्यानं फ्लॅटच्या नादाला लागू नये. मित्रानं टिळकवाडीत 45 लाखांचा फ्लॅट भाड्यानं द्यायला म्हणून घेतला. 36 लाख कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता 32 हजार, भाडं 13 हजार. दर महिन्याला 19 हजार खिशातनं घालतोय आणि वर मलाच शहाणपण शिकवतोय!

टिळकवाडीकर

मित्र तो मी नव्हे, पण त्याच्या बाजूनं बोलतो. तू जागेची किंमत शून्य धरलीस, तिथंच हिशोब चुकला. ती जागा आज विकलीस तर 40 लाख तरी येतील की नाही? मग तुझी गुंतवणूक 64 लाख, आणि वर्षाचं भाडं 3 लाख 12 हजार. पाच टक्केसुद्धा पडत नाहीत. एफडीत यापेक्षा जास्त मिळतंय, आणि रात्री साडेदहाला "काका, टाकी वाहतेय" म्हणून कुणी दार वाजवत नाही.

वडगावचा मागवाला

विकायची असती तर तुझा हिशोब बरोबर. बाबा त्या घरात जन्मले. खालच्या एका खोलीत फरशीखाली मागाचे बोल्ट तसेच आहेत, कापून काढू दिले नाहीत त्यांनी. ती जागा 40 लाखांची असो नाहीतर कोटीची, बाजारात जाणारच नाही. मग मी हिशोब 24 लाखांवरच करणार.

निपाणीची सून

तुम्ही दोघं भाड्याचंच बोलताय, आमच्याकडचं लीजचं ऐका. सासऱ्यांनी दोन पोर्शन लीजवर दिले, प्रत्येकी 4 लाख घेऊन. भाडं नाही, तीन वर्षांनी सगळी रक्कम परत. ते 8 लाख त्यांनी कर्जात भरून टाकले. फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जाला मुदतीआधी भरल्याचा दंड नसतो, म्हणून खूश होते. तीन वर्षांनी दोन्ही भाडेकरू एकाच महिन्यात निघाले. नवे मिळेनात, मिळाले ते साडेतीन द्यायला तयार. शेवटी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. बिनव्याजी पैसा म्हणतात त्याला! ठेव म्हणजे आपली कमाई नव्हे हे सासऱ्यांना अजून पटलेलं नाही.

खासबागचा शिवराम

अहो, पण लीजचा दोष नाही त्यात. ते पैसे वेगळे ठेवायला हवे होते. आमचा एक पोर्शन सहा वर्षं लीजवरच आहे.

निपाणीची सून

वेगळेच ठेवायचे तर घ्यायचे कशाला?

हिशोबनीस (बेळगाव)

कराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं कामच ते. मागवाल्यांचं भाडं 3.12 लाख, घरपट्टी 12 हजार धरू. उरले 3 लाख, त्यातनं 30 टक्के सरसकट वजावट, म्हणजे 2.10 लाख. त्यातनं कर्जाचं व्याज जातं. सव्वा लाख व्याज धरलं तर कर लागतो फक्त 85 हजारांवर.

टिळकवाडीच्या फ्लॅटचं उलटं. पहिल्या वर्षी व्याजच 3 लाखांच्या वर, भाडं दीड लाख. तोटा दिसतो. जुन्या कररचनेत तो 2 लाखांपर्यंत पगारातनं वजा होतो, म्हणून लोक असे फ्लॅट घेत होते. नव्या रचनेत पगारातनं वजा करता येत नाही. म्हणजे निम्मं आकर्षण तिथंच संपलं.

टिळकवाडीकर

मान्य. पण फ्लॅट विकता येतो. विकून आलेला नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला, किंवा तीन वर्षांत घर बांधलं, तर त्या नफ्यावर कर वाचतो. घरामागचे चार पोर्शन तू कुणाला विकणार? अडकलास की तू.

सेंट्रिंगवाला अण्णा

गज वर सोडले म्हणजे मजला चढतो असं नाही. पाया किती मजल्यांचा घातलाय ते आधी ड्रॉइंगवर बघा. वडगाव-येळ्ळूरच्या शिवाराकडं काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जी प्लस वनच्या, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला एवढ्याच पायावर तिसरा स्लॅब टाकलेली घरं मी बघितलीत, दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग निघते. आणि महापालिकेची परवानगी नव्यानं घ्यावी लागेल.

मीटर वेगळे आहेत का? गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, तिची 200 युनिटांपर्यंतची मर्यादा मीटरमागं. चौघं एका मीटरवर असतील आणि वापर 200 च्या वर गेला तर कुणालाच फुकट मिळणार नाही, आणि आता भाडेकरू पहिला प्रश्न तोच विचारतो.

वडगावचा मागवाला

मीटर चार आहेत, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) दारात तीन महिने हेलपाटे घालून घेतलेत. पायाचं ड्रॉइंग शोधतो अण्णा, बाबांच्या ट्रंकेत असेल.

टिळकवाडीकर

आणि उतारा कुणाच्या नावावर? कन्नडात आहे म्हणून न वाचता फाईलला लावून ठेवू नकोस.

वडगावचा मागवाला

बाबांच्या. कर्जात मी सहकर्जदार.

टिळकवाडीकर

म्हणजे तू फेडतोयस, आणि पुढं वाटणीत तुझा भाऊ अर्धा. त्यावर आणखी कर्ज काढून आणखी दोन पोर्शन चढवणार! भावानं वरच्या मजल्याचा एक रुपया तरी दिलाय का?

वडगावचा मागवाला

नाही. त्यानं मागितलंही नाही काही.

हिशोबनीस (बेळगाव)

आत्ता नाही मागितलं. वाटणीपत्र करून ते रजिस्टर करा, मग स्लॅब टाका. माझ्याकडं येणाऱ्या दहा भांडणांत सात वरच्या मजल्याची असतात.

वडगावचा मागवाला

दादा पुण्याहून गणपतीला येतोय, तेव्हा विषय काढतो. तोवर गजांना ग्रीस लावून वर बाटल्या उलट्या घातल्यात.