मोपा झालं, आता परत या म्हणे!

डिचोलीकर : पेडणेकरांनी काल लिहिलं, 'गोव्यात मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागली. परदेशातल्या विमान इंजिनियरांनी आता पैशाचा मोह सोडून गोव्यात यावं.' डोकं फिरलं, म्हणून रात्रपाळी संपवून लिहितोय. मी बी-२ लायसन्सचा, एव्हियॉनिक्सवाला, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं बघणारा. अहो, जिथं विमान तासाभरात प्रवासी बदलून उडतं, तिथं माझं काम किती? इन्स्ट्रुमेंट लँडिंगचा रिसीव्हर हवेत मधूनच दगा देतो, जमिनीवर तपासला तर ठणठणीत. तीन रात्री वायरिंग उचकून शेवटी सापडते कनेक्टरमधली एक गंजलेली पिन. त्याला हँगर लागतो, विमान आत घेऊन दुरुस्त करायची शेड. आणि मोह कसला? डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान नियामकाचं, सीएआर-६६ लायसन्स युरोपच्या पार्ट-६६ वरच बेतलेलं, पण तिकडे चालत नाही. परीक्षेची सगळी मोड्यूल्स पुन्हा, प्रत्येकात ७५ टक्के. तोवर काम मी करायचं, सही दुसऱ्यानं ठोकायची.

पेडणेकर : आमचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, गेलं त्या पठारावर. तेव्हा पोरांना नोकऱ्या लागतील असं ऐकलं होतं. शिकलेलेच पळाले तर लागणार कोण? आणि युरोपात शिरलात कसे, तेही सांगा की.

डिचोलीकर : पोर्तुगीज पासपोर्टवर. लपवायचं काय? वडील पोर्तुगीज राजवटीत, १९६१ च्या आधी जन्मले. आधी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवला, मग माझा.

फोंडेकर : वा! १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, स्टेटसवर तिरंगा आणि कपाटात लिस्बनचा दाखला. माझे आजोबा पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात होते हो.

डिचोलीकर : आजोबांच्या तुरुंगवासाचं व्याज नातवानं किती वर्षं खायचं?

फोंडेकर : तोंड सांभाळून बोल.

म्हापशाची : भांडा खुशाल, पण माझे वडील तारवटी, म्हणजे खलाशी. नऊ-नऊ महिने बोटीवर. त्यांच्या पैशातून देवळाचा मंडप झाला तेव्हा कुणी मोह काढला नाही. इंजिनियर गेला की लगेच देशप्रेम आठवतं.

फोंडेकर : तारवटी भारताच्याच पासपोर्टवर जायचा, बाई. आणि परत यायचा.

म्हापशाची : ते खरं. आता परका पासपोर्ट घेतला की मतदार यादीतून नाव जातं, हेही खरं. पण चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधायला माणूस नसतो ते मी बघते, तुम्ही नाही.

पेडणेकर : पासपोर्टचं कौतुक पुरे. माझ्या भाच्यानं तो काढला आणि लायसन्स केलं ब्रिटनचं. २०२१ पासून युरोप ते लायसन्स मानत नाही आणि नव्यानं जाणाऱ्याला ब्रिटन तो पासपोर्ट कामासाठी मानत नाही. आता घरी बसून नारळ मोजतो.

डिचोलीकर : म्हणजे काल 'परत या' लिहिलंत तेव्हा घरात एक परत आलेलाच होता?

पेडणेकर : होता. मोपाला दोनदा अर्ज केला त्यानं.

डिचोलीकर : मग?

पेडणेकर : मग काय. हँगरवाला मुद्दा धरला तुझा. मोह शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट तशीच राहील.

डिचोलीकर : भाच्याला सांगा मला मेसेज करायला. पोरगा बी-१, इंजिनवाला, की माझ्यासारखा बी-२?

पेडणेकर : बी-२. पण भाटाबद्दल तू अजून एक अक्षर काढलेलं नाहीस.