गटात नवीन आहात? कोकणातल्या मंडळींनो, तुमच्या गटांचे अनुभव लिहा

आमच्या रत्नागिरीकडे वाडीचा, देवस्थानाचा, बागायतदारांचा, भजनी मंडळाचा असे इतके व्हॉट्सअ‍ॅप गट झालेत की नवीन माणूस आत आला की बिचकतो. एखादा पहिल्याच दिवशी दहा फॉरवर्ड टाकून मोकळा होतो, तर एखादा वर्षभर तोंड उघडत नाही. नव्याने कसं वावरावं याचे उपदेश नकोत. तुमच्या गटात काय चालतं आणि काय खपत नाही, तेवढं सांगा.

बागायतदार, देवगड

मोहोराच्या दिवसांत रोज एक तरी मेसेज येतो: 'मोहोर काळा पडतोय, काय मारू?' बस, एवढंच. अहो, तुडतुड्यांच्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी असेल, करपा असेल, दोन्हींचे उपाय वेगळे! मग जाणते गप्प बसतात आणि ज्यांना काही ठाऊक नाही ते धडाधड औषधांची नावं देतात. कलम किती वर्षांचं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, मध्ये पाऊस किंवा धुकं पडलं का, हे सगळं एकाच मेसेजात लिहा. सोबत दिवसाउजेडी जवळून काढलेला फोटो टाका. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली मुलं आमच्यात आहेत, ती असल्या प्रश्नाला हमखास उत्तर देतात. आणि गुण आला की नाही तेही नंतर कळवा. हे फार थोडे करतात. पुढच्या मोसमात तोच प्रश्न आला की जुनं उत्तर शोधून दाखवता येतं, पण त्याचा उपयोग झाला का हेच त्यात नसतं.

माहेर चिपळूण, सध्या पुणे

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मी इथून गट सांभाळत होते. 'पाणी वाढतंय, होडी पाठवा' हा मेसेज पहाटेचा की आत्ताचा, कळायला मार्ग नाही. फॉरवर्ड झाला की त्यावर फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, मूळ लिहिल्याची नाही. म्हणून वेळ मजकुरातच लिहायची. ठिकाण, घरात किती माणसं, वृद्ध किंवा आजारी कोण, कुणी डोळ्यांनी पाहिलं, हेही. आणि मदत पोहोचली की त्याच मेसेजखाली 'मिळाली' लिहायचं. नाहीतर सुटका झालेल्या घरासाठी लोक पुन्हा पुन्हा होडी शोधत बसतात, आणि खरा अडकलेला राहतो बाजूला. दोन बाणांची खूण असलेला मेसेज म्हणजे हातोहात फिरून आलेला. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, पण घाबरलेला माणूस कॉपी करून चिकटवतो, तिथे बाणही दिसत नाहीत.

मालवण, मच्छीमार

आमच्या गटात निम्मे जाणते आवाजातच बोलतत. तेंका लिवूक सांगलास तर गप बसतले. पण तीन मिनिटांचो आवाज नको रे बाबा! तू खंय आसस, वारो कसो आसा, इतक्याच सांग. बोटीर रेंज गावता न गावता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गटात भांडणां जास्त. रिकामपण, दुसरा काय!

लांजा, वाडीतली नवी सून

नवऱ्याने वाडीच्या गटात टाकलं तेव्हा सगळे नंबरच दिसत होते. कोण काका, कोण दीर? सुरुवातीला नुसतं वाचलं. मग 'मी वरच्या घरातली, धाकटी सून' असं लिहिलं आणि लगेच चार आत्यांचे नमस्कार आले. शिमग्यात पालखी आधी कोणत्या घरी, यावरून दोन बाजू पडल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून एका काकांना खासगीत विचारलं. त्यांनी मागच्या तीन पिढ्यांची हकिगत सांगितली. ती गटात विचारली असती तर वणवाच पेटला असता!

मुंबईकर, मूळ राजापूर

गणपतीच्या गाड्यांची यादी येते त्या आठवड्यात आमचा गट फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा करतात. सुप्रभातवाले रुसतात. रुसोत.

धागाकर्ता

'मिळाली' लिहायची पद्धत आमच्याकडेही सुरू करतो. मालवणकर, आवाजातलं लिहून ठेवणारं कुणी आहे का तुमच्यात? नंतर शोधायला बरं पडेल.

मालवण, मच्छीमार

माझो झील लिवता. दर मेसेजाक एक वडापाव.