विषय: जोतिबाच्या यात्रेत ड्रोन उडवता येईल का?

सर्वांना नमस्कार,

यंदा चैत्रात कोल्हापूरला जातोय. बाबांना घेऊन जोतिबाच्या यात्रेला जायचं आहे. इथला, अमेरिकेतला, छोटा ड्रोन सोबत न्यावा, डोंगर आणि सासनकाठ्या वरून टिपाव्यात आणि मंडळाच्या गणेशोत्सवात दाखवाव्यात असा विचार आहे. हौसेनं ड्रोन उडवणाऱ्यांसाठी इथे असते ती ट्रस्ट (TRUST) नावाची सुरक्षा परीक्षा दिली आहे. तिकडे आणखी काय लागतं?

– शाहूपुरीचा

---

दादा,

कळकळीनं सांगतो, ड्रोन बॅगेत भरूच नका. तयार ड्रोन भारतात आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच सूट. विमानतळावर उतरल्यावर तो जाहीर करावा लागतो आणि कस्टम्सवाले ठेवून घेऊ शकतात. ट्रस्टच्या परीक्षेचा तिकडे उपयोग नाही.

तिकडे २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. हौसेसाठी २ किलोपर्यंतचा उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण पैसे घेऊन चित्रीकरण करणाऱ्याकडे ते हवंच. जागा बघायची ती डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फूट. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घ्या: शिवाजी विद्यापीठ तर त्याच्या जवळच, आणि सरळ रेषेत मोजलं तर अंबाबाईचं देऊळही त्या ८ किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे 'घराच्या गच्चीवरून जरा उडवून बघू' हेसुद्धा नको. पेठेतल्या गच्च्या एकमेकींना लागून असतात, उन्हाळ्यात बायका वाळवणं घालत असतात. त्यांच्या डोक्यावर न विचारता कॅमेरा फिरवणं मला अजिबात पटत नाही.

पन्हाळा विमानतळाच्या वर्तुळाबाहेर आहे, पण गड पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. तिथे त्यांची परवानगी घ्यावी लागते.

आता जोतिबा. चैत्र पौर्णिमेला डोंगरावर लाखो माणसं असतात. गुलाल-खोबऱ्याची उधळण चाललेली असते आणि उंच सासनकाठ्या नाचत असतात. गुलालाची बारीक पूड मोटरमध्ये गेली किंवा पंखा काठीला लागला, तर ड्रोन पडणार कुठे? खाली पोरं खांद्यावर घेतलेली माणसं असतात. शिवाय अशा वेळी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग, म्हणून जाहीर करू शकतो. आदल्या दिवशी हिरवा दिसलेला नकाशा यात्रेच्या दिवशी तसाच असेल असं नाही. दंड १ लाखापर्यंत होऊ शकतो, पण मला दंडापेक्षा खालच्या माणसांची काळजी जास्त वाटते.

वरून दृश्य हवंच असेल तर तिथल्याच परवानाधारक माणसाला यात्रेआधी एखाद्या साध्या दिवशी, पोलीस आणि देवस्थानाला विचारून डोंगर टिपायला सांगा. यात्रा मात्र गर्दीत उभं राहून बघा. बाबांनाही तुम्ही शेजारी हवे असाल.

– मंगळवार पेठेतला काका

---

काका,

आयातबंदीचं मला माहीतच नव्हतं. ड्रोन इथेच ठेवतो. धाकटा भाऊ कोल्हापुरातच असतो, त्याला आज फोन करून परवानाधारक माणूस शोधायला सांगतो. नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र दोन्ही बघूनच ठरव, असंही सांगेन. यादीवर कुणी यात्रेआधी डोंगराचं चित्रीकरण करून घेतलं असेल, तर परवानगीचा अर्ज किती दिवस आधी दिला ते कळवाल का?

– शाहूपुरीचा