विषय: नोकरीआधी क्रेडिट रिपोर्ट तपासला, आता पत्र आलंय. काय करू?

प्रेषक: एक सभासद (नाव समितीकडे आहे)

मंडळी, नमस्कार. नाव न घालता लिहू दिल्याबद्दल समितीचे आभार.

अकरा महिने घरी बसल्यावर गेल्या आठवड्यात नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं. पगार, तारीख, सगळं ठरलं. मग बॅकग्राउंड चेकचे कागद आले. त्यात क्रेडिट रिपोर्ट (कर्जं, कार्डं, बिलं कशी फेडली याची नोंद) बघायला परवानगी मागणारा एक स्वतंत्र कागद होता, त्यावरही सही केली. काल मेल आला. सोबत रिपोर्टची प्रत, हक्कांचं पत्रक, आणि या माहितीमुळे तुम्हाला न घेण्याचा विचार चालू आहे असं कळवलेलं.

तिसऱ्या पानावर दोन नोंदी आहेत. एक ह्यांच्या ऑपरेशनच्या बिलाची, 1,840 डॉलर. विमावाले आणि हॉस्पिटल एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि बिल कलेक्शनला, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्यांकडे, गेलं. दुसरी नोंद एका थकलेल्या क्रेडिट कार्डाची. हे कार्ड मी कधी काढलेलंच नाही. पत्ताही अशा गावाचा, जिथे मी एक रात्रही राहिलेले नाही.

नऊ वर्षं मी अकाउंट्स पेएबलमध्ये, म्हणजे कंपनीची देणी चुकवण्याच्या विभागात, काम केलं. एका सेंटचाही घोळ कधी झाला नाही. आणि आता कुणीतरी अनोळखी माणूस हे पान बघून माझ्याबद्दल काय समजत असेल, याने रात्रभर डोळा लागला नाही. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. गुपचूप ‘नको’ कळवून मोकळं व्हावं असं वाटतंय.

---

प्रेषक: ह. दे.

ताई, कृपा करून तसं कळवू नका. मी एचआरमध्ये चौदा वर्षं आहे. तुम्हाला आलेलं पत्र नकाराचं नाही. ती प्री-अ‍ॅडव्हर्स अ‍ॅक्शन नोटीस आहे, म्हणजे विरोधात निर्णय घेण्याआधीची सूचना. अमेरिकेच्या 1970 च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे कंपनीला आधी तुमची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि रिपोर्टवरून नाही म्हणायचं असेल तर त्याआधी प्रत आणि हक्कांचं पत्रक द्यावंच लागतं. उमेदवाराला बोलायची संधी मिळावी एवढ्यासाठीच ही पायरी आहे. किती दिवस थांबायचं हे कायद्यात मोजून दिलेलं नाही. बहुतेक कंपन्या कामाचे पाच दिवस थांबतात, म्हणजे तुमचा एक दिवस गेला.

आज फोन करा आणि लगेच मेलही पाठवा. कार्ड तुमचं नाही हे एका वाक्यात लिहा, आणि ज्या क्रेडिट ब्यूरोचा (अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा) रिपोर्ट आहे तिथे आजच तक्रार नोंदवून तिचा नंबर त्यात घाला. ब्यूरोला तपासाला साधारण 30 दिवस असतात, कंपनी तेवढी थांबेलच असं नाही, पण तक्रारीचा नंबर समोर असला की माझ्यासारख्या माणसाला वरिष्ठांपुढे काहीतरी ठेवता येतं. बिलाबद्दल विमा कंपनीचं एखादं पत्र असेल तर तेही जोडा. आणि एक भीती मनातून काढून टाका: नोकरीसाठी जो रिपोर्ट जातो त्यात क्रेडिट स्कोअर (या नोंदींवरून काढलेला पतीचा आकडा) नसतो, आणि या तपासणीने तुमचा स्कोअर खालीही जात नाही.

तुम्ही कुठल्या राज्यात अर्ज केलाय? वॉशिंग्टन, इलिनॉय, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा काही राज्यांत, आणि 2015 पासून न्यूयॉर्क शहरात, अशा तपासणीवर बंधनं आहेत. मात्र पैसे हाताळायचं काम अनेक ठिकाणी अपवादात बसतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

---

प्रेषक: वि. गो.

मुली, ते कार्ड दुसऱ्या कुणाचं तरी तुझ्या फाइलीत घुसलंय. माझंही असंच झालं होतं. माझ्याच आडनावाच्या, त्याच आद्याक्षराच्या माणसाचं गाडीचं कर्ज माझ्या नावावर दिसत होतं, निस्तरायला चार महिने लागले. सोशल सिक्युरिटी नंबरचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) नऊच्या नऊ आकडे जुळले नाहीत तरी नाव आणि बाकीचं बरंचसं जुळलं म्हणून दोन फाइली एक होऊ शकतात. त्यात आपली नावं! एका कागदावर मधे वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर नुसतं एक अक्षर, आणि लग्नाआधीचं आडनाव वेगळंच.

इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन, या तिन्ही ब्यूरोंचे रिपोर्ट काढ. आता दर आठवड्याला फुकट मिळतात. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2013 मध्ये अभ्यास जाहीर केला होता, त्यात पाचातल्या एका माणसाच्या निदान एका रिपोर्टमध्ये चूक सापडली होती. तेव्हा यात तुझी लाज कसली?

---

प्रेषक: श्री. ना.

माझं मत थोडं वेगळं आहे. माझी लहानशी अकाउंटिंग फर्म आहे, लोकांच्या बँक खात्यांच्या चाव्या आमच्या हातात असतात. मी रिपोर्ट बघतो आणि पुढेही बघणार. पण एक गोष्ट सांगतो. मी अशी पत्रं पाठवली, त्यातल्या बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मी समजलो, सांगण्यासारखं काही नसेल, आणि पुढच्या उमेदवाराकडे वळलो. ताई, तुम्ही उत्तर द्या.

---

प्रेषक: ह. दे.

श्री., तुमची जबाबदारी मला कळते. पण 2010 मध्ये ओरेगन राज्याच्या आमदारांपुढे ट्रान्सयुनियनच्याच प्रतिनिधीने कबूल केलं होतं की रिपोर्टमधली माहिती आणि कामातली कामगिरी किंवा अफरातफर यांचा संबंध दाखवणारं संशोधन त्यांच्याकडे नाही. ज्यांचा माल, तेच हे सांगत होते. मग आपण त्या कागदात माणसाचा प्रामाणिकपणा कुठून वाचतो?

नोकरी जाते म्हणून हप्ते चुकतात, आणि हप्ते चुकले म्हणून नोकरी मिळत नाही. चुकलेला हप्ता सात वर्षं रिपोर्टवर राहतो, आणि पगार वर्षाला 75,000 डॉलर किंवा जास्त असेल तर नोकरीच्या रिपोर्टला ती मर्यादाही कायद्याने लागू नाही. ज्यांनी तुम्हाला उत्तर दिलं नाही, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असेल. या ताईंसारखीच त्यांनाही रात्रभर झोप लागली नसेल. पुढच्या वेळी पत्र पाठवल्यावर एक फोन करा, एवढं मागणं आहे.

---

प्रेषक: एक सभासद

सकाळी फोन केला. आवाज कापत होता, तरी सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मधे न बोलता ऐकून घेतलं आणि कागद पाठवा म्हणाल्या. सोमवारपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलंय. ब्यूरोत तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. विमा कंपनीचं पत्र शोधताना ह्यांना सांगावंच लागलं. ते काही बोलले नाहीत. कपाटावरचा खोका खाली काढला आणि माझ्याबरोबर एकेक कागद चाळत बसले. पत्र सापडलं.

श्री. ना., तुमच्या मेलमुळेच फोन उचलला. काका, दुसऱ्या रिपोर्टवर माझं लग्नाआधीचं आडनाव आहे आणि तिथे हे कार्ड दिसत नाही. ही प्रतही तक्रारीला जोडू का? तुमच्या वेळी ब्यूरोने विवाहाचा दाखला मागितला होता का?