समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून सागरी संशोधनाकडे

धुळ्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलीने सागरी जीवांच्या संशोधनात जावे का, या प्रश्नावर एकांनी 'खान्देशात समुद्रच नाही, नाद सोडा' असे लिहिले आहे. ते मला पटत नाही. जानेवारी 2022 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-टॅग (उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारे यंत्र) बसवला गेला. मात्र अशा टॅगकडून येणाऱ्या संदेशांतून कासवाचा मार्ग नकाशावर मांडण्याचे काम संगणकासमोरच होते. म्हणून पोहणे नंतर शिकता येईल (तापीच्या डोहात नको, एवढेच), संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचे तंत्र) आत्ताच हाती घ्यावे.

परिषदांचे म्हणाल, तर सागरी कासवांवरची आंतरराष्ट्रीय परिषद 2010 मध्ये गोव्यातही भरली होती. अशा ठिकाणी भाषणांपेक्षा पोस्टरचे दालन मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण तिथे संशोधक स्वतः आपल्या तक्त्यापाशी उभा असतो आणि 'या आलेखात फेब्रुवारीतली घरटी कमी का?' एवढे विचारले, तरी बोलण्याच्या ओघात प्रकल्प-सहायकाच्या जागेचा सुगावा लागू शकतो. आपल्या संशोधनाचा सारांश परिषदेच्या काही महिने आधी मागवतात, तेव्हाच प्रवास-अनुदानाचीही चौकशी करावी. प्रकल्पावरच्या नेमणुका बहुधा कंत्राटी असतात, हे मात्र घरी आधीच सांगून ठेवावे.